ओढ

मोती नऊ वर्षांचा लॅब्राडोर. उजव्या सुळ्यामागे फायब्रोसार्कोमा. सीटी स्कॅनवर गाठ दिसत होती, तिच्या दोन सेंटिमीटर पलीकडून वरच्या जबड्याचं हाड कापलं. आता तोंड आणि नाकाची पोकळी एक झाली होती, आतली गुंडाळीसारखी पातळ हाडं उघडी पडली होती.

हे भगदाड झाकायला ओठाच्या आतल्या बाजूइतकं चांगलं काही नाही. लॅब्राडोरचा ओठ सैल, लोंबता, रक्त भरपूर खेळवणारा. त्याचं अस्तर खालच्या थरासकट सोडवून हा फ्लॅप टाळूच्या कडेपर्यंत आणायचा आणि दोन थरांत शिवायचा. कडेवर कॉटरी लावायची नाही. भाजलेली कड नीट सांधत नाही. थोडं रक्त आलं तर बोळ्याने दाबून धरायचं.

पण खरी परीक्षा ओढीची. सुरुवातीच्या वर्षांत एका कुत्रीचा फ्लॅप जरासा कमी पडत होता. मला दिसत होतं, तरी मी तो ताणून शिवला. चौथ्या दिवशी टाके सुटले. ती पाणी प्यायली की नाकातून गळायचं, आणि शिंकत ती माझ्याकडे बघायची. चूक माझीच होती. तेव्हापासून फ्लॅप जागेवर नेतो आणि चिमटा सोडून देतो. तो तिथेच पडून राहिला, तरच सुई उचलतो. मागे सरकला, तर आणखी मोकळा करतो.

पुण्यात हे काम करताना कावसजीची आठवण येतेच. हा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता, टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागिराने मेणाचा पातळ पत्रा आधी नाकाच्या जागी बसवला, मग तोच कपाळावर सपाट पसरून माप घेतलं आणि भुवयांमधला देठ न तोडता कातडी खाली वळवली. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ते छापलं. माप सपाट करून घेतलं, म्हणजे कातडी कमी पडायला नको हे कारागिराला पक्कं ठाऊक होतं. त्या माणसाचं नाव कुणी नीट लिहून ठेवलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मोतीला सांभाळणाऱ्या काकू आल्या. मोतीचा ओठ उजवीकडे आत गेलेला, खालचा सुळा बाहेर डोकावणारा. त्या आधी भिंतीकडेच बघत राहिल्या. मोतीने त्यांची पिशवी हुंगली आणि तोंड आत खुपसलं. भाताचे मऊ गोळे त्याने एकेक करून डाव्या बाजूने खाल्ले. मी खाली बसून त्याच्या उजव्या नाकपुडीला कापूस लावला. कापसावर भाताचं शीत नव्हतं.