पंचावन्नाच्या पुढचे गाव

फाटकावरच्या पहारेकऱ्याने मोटारीत डोकावून पाहिले, यादीत माझे नाव शोधले आणि आडवा दांडा वर केला. ताई म्हणाली, "आमच्या गावात म्हातारं झाल्याशिवाय घर मिळत नाही रे!"

ही नुसती थट्टा नव्हे. न्यू जर्सीतल्या मन्रो टाउनशिपमध्ये अशा निवृत्तांच्या वसाहती बऱ्याच आहेत. निदान ऐंशी टक्के घरांत पंचावन्न वर्षे पुरी केलेले एक तरी माणूस राहत असेल, तर अशा वसाहतीला मुलाबाळांच्या कुटुंबांना नकार देण्याची मुभा अमेरिकेचा कायदा देतो. नातवंडांनी यावे, चार दिवस बागडावे आणि परत जावे!

ताईचे घर टाउनहाउस जातीचे. दुमजली, ओळीतले, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेले. गवत कापायला नि बर्फ उपसायला संस्थेची माणसे येतात. त्याची वर्गणी दरमहा द्यायची. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या ताईला भिंतीपलीकडे माणूस आहे याचाच मोठा आधार वाटतो. फक्त पलीकडून कधी खोकलासुद्धा ऐकू येत नाही. निजायची खोली वरती आणि ताईचे गुडघे हे असे. भावोजी गेल्यापासून टेक्ससमधला मुलगा घर विकण्याचे कागद पाठवून वाट पाहतो आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही टाउनशिप पाहायला निघालो. पाचवे राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रो यांचे नाव घेऊन १८३८ साली ही साउथ अँबॉयपासून वेगळी झाली. मधोमध जेम्सबर्ग हे चिमुकले गाव आहे. ते १८८७ मध्ये फुटून निघाले आणि तेव्हापासून मन्रोने त्याला चहूबाजूंनी वेढले आहे. मेदूवड्याच्या भोकात वसलेले गाव म्हणा ना! त्याच्यातून रेल्वेचा जुना मार्ग जातो. कॅम्डेन अँड अँबॉय कंपनीने विलायतेहून 'जॉन बुल' हे इंजिन आणले ते १८३१ साली. आपली बोरीबंदर-ठाण्याची गाडी धावायला त्यानंतर बावीस वर्षे लागली. पुढे बटाट्याच्या शेतांवर घरे उभी राहिली. ती कहाणी आपल्याला पुण्या-ठाण्यात पाठच आहे.

पण माझे मन घुटमळले ते बेथेलपाशी. डेव्हिड ब्रेनर्ड या तरुण मिशनऱ्याने १७४६ साली लेनापी लोकांची एक वस्ती क्रॅनबरीजवळ, याच भागात वसवली. पुढच्याच वर्षी, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, तो वारला. १७५८ मध्ये सरकारने दक्षिणेकडे सुमारे तीन हजार एकरांची राखीव जमीन दिली. तिचे नाव ब्रदरटन. तेथे राहायला गेलेले लेनापी १८०२ मध्ये ती जमीन सोडून न्यू यॉर्कमधल्या मोहिकनांकडे गेले. त्यांचे बोलावणेच होते.

"म्हणजे विकून, आपल्या माणसांकडे गेले," ताई म्हणाली. "मग तिथे स्थिरावले ना?"

"नाही. तिथूनही उठावं लागलं. पुढे विस्कॉन्सिन."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत वरची खोली गाठली. कागद खाली टेबलावर तसेच पडले होते. थोड्या वेळाने वरून हाक आली, "अरे, जिन्याला लावायची ती खुर्ची असते ना, विजेवर चालणारी, तिला पैसे किती पडतात, विचारशील का?"