मोतीची जागा

सुटीच्या दिवशी सकाळी पवईच्या तलावाकाठच्या रस्त्याने अनेक मोटारी धावत असतात. त्यांतील एखादीच्या खिडकीतून कुत्र्याचे डोके बाहेर आलेले दिसते. त्याचे कान वाऱ्यावर फडफडत असतात, जीभ लोंबत असते आणि डोळे आनंदाने अर्धवट मिटलेले असतात. पाहणाऱ्याला हसू येते. हा प्राणी किती सुखी आहे, असेच त्याला वाटते. परंतु ते सुख कोणाच्या आधारावर उभे आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८९१ साली एका ओढ्याला बांध घालून हा तलाव निर्माण करण्यात आला. पुढे ते पाणी पिण्याच्या योग्यतेचे राहिले नाही. पण काठावर वस्ती मात्र वाढत गेली. त्या वस्तीतील एका घरात मोती नावाचा तांबूस रंगाचा कुत्रा होता. पावसात भिजत जिन्याखाली बसलेले ते पिलू घरातल्या बारा वर्षांच्या मुलाने उचलून आणले होते. आता त्याचे वजन वीस किलोग्रॅम झाले होते. पण मुलाच्या लेखी तो अजून मांडीवर बसणारे पिलूच होता.

एका रविवारी सारी मंडळी मोटारीने नातलगांकडे निघाली. “मोतीला मागे नीट बांधून बसवू या,” असे आजोबा म्हणाले. मुलाने हट्ट धरला. “आजोबा, त्याला मोकळाच राहू द्या ना! त्याला वारा फार आवडतो. मी त्याला घट्ट धरीन.” हट्टापुढे सर्वांनी मान तुकवली. मोती मुलाच्या मांडीवर पुढचे पाय रोवून खिडकीशी उभा राहिला.

मोटार काही फार वेगात नव्हती. तलावाचे वळण संपते न संपते तोच समोर एक रिक्षा आडवी आली. वडिलांनी ब्रेक दाबला. मोटार थांबली, पण मोती थांबला नाही. मुलाच्या हातांतून तो निसटला, पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळला आणि खाली पडला. त्याचा पुढचा उजवा पाय मोडला होता.

परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी आपली मुकी जनावरे उपचारासाठी नेली आहेत. मोतीलाही तेथेच नेण्यात आले. पाय प्लास्टरमध्ये घालून तो घरी आला, तेव्हा मुलाने आजोबांना विचारले, “मी त्याला दोन्ही हातांनी धरले होते. मग तो सुटला कसा?”

आजोबांनी त्याला दोष दिला नाही. कागद आणि पेन्सिल पुढे ओढली. “बाळ, मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात होती. म्हणजे दर सेकंदाला किती?”

“दहा मीटर,” मुलाने हिशेब करून सांगितले.

“मोटारीबरोबर मोतीही त्याच वेगाने जात होता. ब्रेक लागतो तो चाकांना, मोतीला नव्हे. गतिमान वस्तू गतिमानच राहू पाहते, हा न्यूटनचा नियम कुत्र्यालाही लागू आहे. त्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे ५ मीटर उंचीवरून खाली पडणे. वेग दुप्पट झाला, तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे २० मीटर! इतक्या उंचीवरून पडणारे वीस किलोचे ओझे कोणाच्या हातांनी झेलता येईल? शिवाय ते ओझे पुढे बसलेल्यांवर आदळले, तर त्यांचीही धडगत नाही.”

मुलगा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. त्याचे प्रेम खरे होते, पण त्याच्या हातांना प्रेमाएवढे बळ नव्हते.

सहा-सात आठवड्यांनी मोतीचा पाय बरा झाला. मनाची जखम मात्र भरून आली नव्हती. मोटारीचे दार उघडले की तो शेपूट पायांत घालून मागे सरे. मुलाला सर्वांत जास्त दुःख झाले ते याचेच. पूर्वी मुलाने हाक मारताच कोठे जायचे हे न विचारता मोटारीत उडी घेणारा मोती आता त्याच्याकडे संशयाने पाहत होता.

गमावलेला विश्वास एका दिवसात परत मिळत नाही. मुलाने धीर धरला. पहिले काही दिवस तो मोतीला उभ्या मोटारीत नुसता घेऊन बसे आणि त्याला खाऊ देई. मग यंत्र सुरू करून, पण मोटार जागीच ठेवून ते बसू लागले. पुढे घराभोवती एक फेरी, नंतर तलावाच्या काठाने थोडे अंतर, असा क्रम चालला. दरम्यान मोतीसाठी छातीवरून आणि पाठीवरून जाणारा एक रुंद पट्टा आणला होता. तो मागच्या आसनाच्या सुरक्षापट्ट्यात अडकविता येई. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावून मोटारीत कधी बांधायचे नाही, हेही मुलगा शिकला. कारण धक्का बसताच सारा भार मानेवर येतो. खिडकीची काच आता थोडीशीच उघडी राही. वारा आत येई, पण मोतीचे डोके बाहेर जात नसे. वाऱ्याबरोबर येणारी धूळ, किडे आणि बारीक खडे कुत्र्याच्या डोळ्यांना इजा करतात.

मे महिन्यात गावी जाण्याचा दिवस उजाडला. मुलाने आदल्या रात्रीच तयारी केली होती. पाण्याची बाटली, पसरट वाडगा आणि जुनी चादर घेतली होती. मोतीच्या गळ्यात घरचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला होता. निघण्यापूर्वी तीन-चार तास आधीच त्याला थोडे खाणे दिले होते, म्हणजे वाटेत ओकारी होऊ नये. विक्रोळी, ऐरोलीचा पूल, पनवेल आणि कर्नाळ्याची खिंड ओलांडून मोटार पेणजवळ एका खाणावळीपाशी थांबली. वाटेत एकदा थांबून मोतीला पाणी पाजून झाले होते. दार उघडण्यापूर्वी त्याची साखळी हातात धरायची, हा नियम मुलाने तेव्हाही पाळला होता.

ऊन रणरणत होते. कोणीतरी म्हणाले, “काच थोडी उघडी ठेवून मोतीला आतच राहू द्या. पाच मिनिटांत जेवून येऊ.”

“नाही,” मुलगा म्हणाला, “मी त्याच्याजवळ थांबतो. तुम्ही जेवून या, मग मी जाईन.”

मुलाचे म्हणणे रास्त होते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या काचांतून सूर्याचा ताप आत शिरतो आणि तेथेच कोंडून राहतो. अर्ध्या तासात आतली उष्णता बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी वाढू शकते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. माणसाला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला मात्र घाम जवळजवळ फक्त तळपायांना येतो. तो धापा टाकून आपले शरीर थंड करतो. कोकणच्या दमट हवेत तो उपायही अपुरा पडतो. आणि जेवणाची पाच मिनिटे कधी पाचच राहत नाहीत.

३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने लायका नावाच्या कुत्रीला यानातून अंतराळात पाठविले. ती मॉस्कोच्या रस्त्यांवरची बेवारस कुत्री होती. तिला परत आणण्याची सोयच नव्हती. ती उष्णतेमुळे काही तासांतच मरण पावली होती, हे जगाला २००२ साली समजले. त्या कामातील शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी १९९८ साली आपला खेद बोलून दाखविला होता. लायकाही माणसांनी बसविले तेथे विश्वासाने बसली होती.

चिंचेच्या सावलीत मुलगा आणि मोती बसले होते. थोड्या वेळाने आजोबा जेवण उरकून आले आणि त्यांच्या शेजारी टेकले. “युधिष्ठिरासाठी स्वर्गातून रथ आला होता,” ते म्हणाले. “इंद्र त्याला रथात बसण्यास सांगत होता, पण अखेरपर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून तो चढेना. आश्रयाला आलेल्याचा त्याग करणे हे महापाप, असे तो म्हणाला. पुढे कळले, की तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच होता.”

मुलगा काही बोलला नाही. त्याने वाडग्यात आणखी थोडे पाणी ओतले.

मंडळी परत आली. मुलानेही दोन घास खाऊन घेतले. मोटारीचे दार उघडताच मोतीने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिले, आणि मग कोणी न सांगता उडी मारून तो मागच्या आसनावरील आपल्या जागी जाऊन बसला. मुलाने पट्टा अडकविला, तो ओढून दोनदा तपासला, आणि नंतरच वडिलांना म्हणाला, “बाबा, आता चला.”