वडगाव किती?

गावांच्या याद्या वाचत बसणं हे माझं जुनं व्यसन. वडगाव, निमगाव, पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, परत वडगाव. नुसतं वाचणाऱ्याला त्यात ठेका सापडतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाताला मात्र खाज सुटते. एकदा येऊन गेलेलं नाव पुन्हा कशाला? डुप्लिकेट उडवा.

उडवणं फार सोपं आहे, मेख तिथेच आहे. एक्सेलवाल्यांना 2007 पासून त्यासाठी आयतं बटण मिळालंय. पायथॉनमध्ये यादी 'सेट'च्या हवाली केली की एका ओळीत काम फत्ते. आत काय चालतं ते मात्र बघण्यासारखं असतं. हजार नावांतलं प्रत्येक नाव बाकी सगळ्यांशी ताडून पाहायचं म्हटलं, तर जवळजवळ पाच लाख वेळा ताडावं लागेल. सेट तो उद्योग करतच नाही. तो नावावरून एक आकडा काढतो आणि टपाल कचेरीत पत्रं लावावीत तसं ते नाव त्या आकड्याच्या खणात टाकतो. पुढचं वडगाव आलं की हात थेट त्याच खणात. तिथे वडगाव आधीच बसलेलं असलं, तर नवं बाहेरच्या बाहेर. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी ही युक्ती 1953 साली एका अंतर्गत टिपणात मांडली. (कापडातले धागे मोजायचं उपकरणही याच गृहस्थांचं. मोजणी आणि वीण या दोन्हींत जीव असलेला माणूस.) कधीकधी दोन निराळी नावंही एकाच खणात पडतात. म्हणून शेवटी नावाला नाव लावून बघावंच लागतं, आणि खरी गंमत तिथून पुढे आहे.

त्याआधी क्रमाचं सांगून टाकतो. सेटला रांगेची कदर नाही. कुणी मुद्दाम सगळी नावं एकाच खणात कोंबून यंत्र जाम करू नये, म्हणून पायथॉन दर वेळी सुरू होताना अक्षरी नावांचे आकडे काढायची रीतच बदलतो. त्यामुळे काल परभणीपासून सुरू झालेली यादी आज पेणपासून सुरू होते. गावं उगमापासून संगमापर्यंत नदीकाठाने लिहिली असतील तर मग संपलंच! अशा वेळी मी पायथॉनचीच डिक्शनरी वापरतो. 2018 च्या 3.7 आवृत्तीपासून ती आल्या क्रमाने नावं सांभाळते: पहिलं जागेवर राहतं, मागची गळतात.

आता गंमत. कऱ्हाड घ्या. त्यातला अर्धा र दोन वाटांनी टंकता येतो. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतो. कुणी साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडखूण ठेवतो, जिची रुंदी शून्य. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडं हुबेहूब. भिंग लावा, फरक सापडायचा नाही. सेट मात्र शांतपणे दोन मोजतो, कारण तो अक्षरांचं रूप बघत नाही, त्यांचे क्रमांक बघतो. अशी जुळी एकरूप करायची सोय युनिकोडमध्ये आहे. ती र खाली नुक्ता देऊन आलेल्या ऱ ला ओळखते, पण जोडखुणेच्या वाटेने आलेल्याला ओळख देत नाही. त्यात तेच गाव 'कराड' असंही लिहिलं जातं, म्हणजे तिसरं. शिवाय 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकलेला अनुस्वार जुन्या कागदांत 'गांव' होऊन ठाण मांडून बसलेला असतोच. आणि नावामागे चुकून पडलेली मोकळी जागा! तिच्यापायी किती पुणी जन्माला आली असतील, देव जाणे.

वडगावचं दुखणं याच्या बरोबर उलटं. तिथे अक्षर न् अक्षर जुळतं आणि गावं वेगळी असतात. सिंहगड रस्त्याकडचं वडगाव बुद्रुक, नगर रस्त्याकडचं वडगाव शेरी, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव. आणि मावळातलं वडगाव, जिथे 1779 च्या जानेवारीत इंग्रजांनी मराठ्यांपुढे नमतं घेऊन तह केला. एखाद्या घाईच्या कारकुनाने रकान्यात नुसतं 'वडगाव' भरलं आणि दुसऱ्याने बटण दाबलं, की तहासकट मावळ गेलं. यंत्र चूक करत नाही. 'सारखं म्हणजे काय सारखं' हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गावकऱ्यांनी ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. थोरलं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द, नाहीतर शेजारच्या मुलखाचं किंवा पेठेचं नाव चिकटवायचं. आज आम्ही जोड-की (दोन रकाने मिळून एक ओळख) म्हणून मिरवतो ती हीच.

ऑफिसातली मंडळी म्हणतात, नावाच्या नादी लागूच नका. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे, त्यावर डुप्लिकेट उडवा, प्रश्न मिटला. मिटतोही. पण जुन्या दप्तरांत, वर्गणीच्या पावत्यांत, कुणाच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर तो क्रमांक कुठला असायला? तिथे 'मु. पो. वडगाव' एवढंच असतं. मग मी पिनकोड शोधतो. तो आला 1972 साली. त्याआधीचा कागद असेल तर दोन्ही वडगावं तशीच ठेवतो, शेजारी तालुक्याचा रिकामा रकाना वाढवतो आणि कुणाला विचारायचं त्याचा विचार करू लागतो.