आईचे माहेर आणि उतरलेली बॅटरी

नागपूरहून दक्षिणेस निघालेला राष्ट्रीय महामार्ग ४४, जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही 'सात नंबर', बुटीबोरी, जांब, हिंगणघाट, वडकी, करंजी ही गावे मागे टाकीत पांढरकवड्यास येतो आणि पुढे पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक प्रवासी येथे चहापुरते थांबतात. वाघ पाहावयास आलेले टिपेश्वर अभयारण्याकडे वळतात. याच टिपेश्वरातून २०१९ साली एक तरुण वाघ निघाला आणि तेराशे किलोमीटरांची पायपीट करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे वाचकांना आठवत असेल. त्याच्या गळ्यातील पट्टाही बॅटरीवरच चालत होता. आमच्या गाडीची बॅटरी मात्र दीडशे किलोमीटरांतच थकली.

पांढरकवडा हे माझ्या आईचे माहेर. तिला आता ब्याऐंशीवे वर्ष सुरू आहे. रक्तदाबाची एक गोळी आणि लघवी वाढवणारी एक, अशा दोन गोळ्या रोज सकाळी. गुडघे कुरकुरतात, ऐकू कमी येते, परंतु स्मरण लख्ख आहे. चैत्रात केळापूरच्या जगदंबेचे दर्शन घ्यावे आणि भावाच्या घरी दोन रात्री राहावे, एवढीच तिची इच्छा होती. डॉक्टरांनी ऊन टाळण्याच्या अटीवर संमती दिली.

तिला वाटेत गाणी ऐकता यावीत म्हणून प्रवासाच्या तीन आठवडे आधी मी गाडीत नवी संगीतयंत्रणा बसवून घेतली होती. नवा डेक, मागच्या बाजूस ॲम्प्लिफायर आणि आसनाखाली एक बूफर. आवाज मोठा झाला की आईला ऐकू येईल, असा माझा सरळ हिशेब. हिंगणघाट येईपर्यंत माझी छाती त्या धमधमाटाने हादरत होती आणि मागे बसलेली आई शांतपणे म्हणत होती, "आवाज खूप येतो रे, पण शब्द एकही कळत नाही." मी आवाज आणखी वाढवला.

शुक्रवारी सायंकाळी पोहोचलो. शनिवारी गाडी दारात उभीच राहिली. मामेभावाच्या ओसरीत आई बसली होती आणि तिला भेटावयास जुन्या मैत्रिणींच्या सुना येत होत्या, कारण मैत्रिणी बहुतेक गेल्या होत्या. वडिलांच्या रेडिओची आठवण निघाली. त्या वेळी घरात वीज नव्हती. रेडिओ विटेएवढ्या कोरड्या बॅटरीवर चाले आणि ती महाग पडे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. त्यातील गाणी पुढे केव्हातरी याच ओसरीत दहा-पंधरा माणसांनी दाटीने बसून ऐकल्याचे आई सांगत होती. गाणे संपताच आजोबा बटण बंद करीत. बातम्या ऐकण्याची मुभा फक्त त्यांना.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास केळापूरला निघालो. रिमोटचे बटण दाबले तेव्हा दारांची कुलुपे नेहमीपेक्षा मंद, कण्हल्यासारखा आवाज करीत उघडली. हे लक्षात घ्यावयास हवे होते. घेतले नाही. आईला मागच्या आसनावर बसवले, वारा लागावा म्हणून किल्ली अर्धी फिरवून पंखा सुरू केला, दार लावले आणि पाण्याची पिशवी आणण्यास आत गेलो. वहिनींनी शिदोरीचा डबा हाती देईपर्यंत सात-आठ मिनिटे गेली असतील.

परत आलो तेव्हा पंखा बंद होता. आई काचेवर हात ठेवून बसली होती. चेहरा लाल, ओठ कोरडे. पंखा थांबल्यावर तिने काच उतरवण्याचे बटण दाबून पाहिले होते, परंतु काच विजेवर चालते. दार आतून उघडेना, कारण नातवासाठी मी मागच्या दारांचा बालकुलुपाचा खटका लावून ठेवला होता आणि तो काढावयाचे विसरलो होतो. तिने हाकाही मारल्या होत्या. बंद काचेतून त्या ओसरीपर्यंत पोहोचल्या नाहीत.

बाहेरून दार तत्काळ उघडले. कडुनिंबाच्या सावलीत खाट टाकली, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसल्या, माठातील पाणी घोटाघोटाने दिले. अर्ध्या तासाने ती चहा मागू लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचे तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते. वृद्धांना तहान उशिरा जाणवते, घाम कमी येतो, आणि लघवीच्या गोळ्या शरीरातील पाणी आधीच कमी करीत असतात. गोंधळल्यासारखे बोलणे, उलटी, तापलेली त्वचा यांतले काही दिसले असते तर खाटेवर न थांबता थेट रुग्णालय गाठावे लागले असते.

मामेभावाने गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका तरुणास फोन केला. तो मोटारसायकलवर भरलेली बॅटरी घेऊन आला. मी सेल्फ मारून दाखवला. नुसते 'टक् टक्'. त्याने मीटर लावला. पूर्ण भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर असते. आमची अकराच्याही खाली होती. शेजारचे दोघे गाडीला धक्का मारण्यास पुढे झाले, त्यात साठी उलटलेला मीही होतो. त्याने आम्हांस दूर केले. "काकाजी, या उनात तुम्ही पडसान, मंग दोन पेशंट होतीन."

त्याने लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकास आणि मग भरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकास लावली. काळी केबल भरलेल्या बॅटरीच्या उणे टोकास आणि शेवटी आमच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर. जोडणीच्या वेळी उडणारी ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ नको, म्हणून ही खबरदारी. इंजिन चालू झाल्यावर केबली उलट क्रमाने काढल्या. व्होल्टमापन चौदावर गेले, म्हणजे अल्टरनेटर ठीक होता. मग वीज जात होती कोठे?

त्याने इंजिन बंद केले, किल्ली काढली, उणे टोकाची तार सोडवून तीमध्ये मीटर जोडला. झोपलेल्या गाडीने सहसा ५० मिलिअँपिअरहून अधिक वीज घेऊ नये. आकडा जवळजवळ एक अँपिअर होता. फ्यूज एकेक करून काढताना ॲम्प्लिफायरचा निघाला आणि आकडा एकदम खाली आला. ॲम्प्लिफायरला जागे करणारी बारीक निळी तार डेकच्या तारेला जोडावयाची असते. आमच्याकडे ती थेट बॅटरीच्या तारेला जोडली होती. डेक बंद झाला तरी ॲम्प्लिफायर अहोरात्र जागा. "हे तं बसल्या बसल्या बॅटरी पिऊन राह्यलं होतं," तो म्हणाला. आमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, तीन उन्हाळे पाहिलेली. शुक्रवार सायंकाळपासून चाळीस तास झाले होते. नागपुरात मी रोज गाडी काढत असल्याने दोष तीन आठवडे झाकून राहिला.

तार तो लगेच जोडून देणार होता. मीच म्हटले, ॲम्प्लिफायर आणि बूफर दोन्ही काढूनच ठेव.

कारण आई वाटेत जे म्हणाली ते आता मला उमगत होते. वयोमानाने कान मंदावतात ते बहुधा उंच स्वरांपासून. 'स', 'श', 'त', 'क' अशा व्यंजनांचा बारीक ध्वनी प्रथम हरवतो. जाड, खालचे स्वर बराच काळ ऐकू येतात. बूफर नेमके तेच जाड स्वर फुगवतो आणि उरलेसुरले शब्दही त्याखाली दडपतो. मी पैसे खर्चून तिच्यापासून गाणे लांब नेले होते. कानांची तपासणी मात्र वर्षभर लांबणीवर टाकली होती. ती नागपूरला परतल्यावर त्याच आठवड्यात केली.

उन्हे कलल्यावर केळापूरला गेलो. मागच्या दारांचे खटके आधी काढले. पऱ्हाटी उपटून रिकामी झालेली काळी शेते, बांधावर पळसाची उरलेली फुले, कोठे मोहाचा वास. जगदंबेपुढे आई बराच वेळ हात जोडून उभी होती. परतताना मी गाडीच्या मूळच्या लहान स्पीकरांवर गाणे लावले, जाड स्वर कमी केले, बारीक स्वर वाढवले, आवाज मध्यम ठेवला. दुसऱ्या कडव्याला मागून बारीक गुणगुण ऐकू आली. ती शब्दांसह होती.

घरी उतरलो तेव्हा तिने काठी टेकली, दोन पावले गेली आणि वळून विचारले, "बटण बंद केलंस ना रे?"