रोमचे एक तळघर

रोमला गेलेला माणूस कलोसियम पाहतो, व्हॅटिकन पाहतो, कारंज्यात नाणे टाकतो आणि घरी येतो. आम्हीही यातले काही चुकवले नाही. पण मनात ठाण मांडून बसले ते एक तळघर.

कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशी, फोरमच्या अगदी कडेला ते आहे. वर सुतारांचे चर्च, त्याखाली रोमचा जुना तुरुंग. वरच्या खोलीच्या जमिनीत एक वाटोळे भोक. पूर्वी कैद्याला त्यातूनच खाली सोडीत. आता पर्यटकांसाठी जिना केला आहे. खालची खोली ठेंगणी, दगडी, ओलसर. सॅलस्टने इथल्या अंधाराचे आणि दुर्गंधीचे वर्णन केले आहे. दुर्गंधी गेली, ओल तशीच आहे. सेंट पीटरला इथे कोंडले होते अशी श्रद्धा असल्यामुळे भाविकांची ये-जा असते. मी मात्र संगमरवरी पाटीवर कोरलेली कैद्यांची नावे वाचीत उभा राहिलो.

जुगुर्था हा न्युमिडियाचा राजा. सोयऱ्यानेच दगा देऊन त्याला रोमनांच्या हवाली केले. इ.स.पू. 104 मध्ये मारियसने त्याला विजययात्रेत मिरवले. मग कानातले सोने ओढताना पाळीही तुटली, अंगावरचे कपडे फाडले आणि इथे लोटले. तेव्हा, प्लुटार्क सांगतो, तुमचे न्हाणीघर भलतेच गार आहे असे तो रोमनांना हसत म्हणाला. पुढे सहा दिवस तो उपाशी झुंजत होता.

इ.स. 71 मधल्या यात्रेची हकीकत जोसेफसने लिहून ठेवली आहे. जेरुसलेम पाडून आलेल्या टायटसची आणि त्याच्या बापाची ती मिरवणूक. वर ज्युपिटरच्या देवळापाशी ती थांबली. सायमन बार गिओरा या ज्यू सेनानीला दोरी बांधून, फटके मारीत ओढून नेले होते. तो मेल्याचा निरोप येईपर्यंत सगळे वर ताटकळत उभे. निरोप आला, जयघोष झाला, मग बळी आणि मेजवान्या.

हे मी सौ.ला समजावून सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे खाली माणूस मरेपर्यंत वर पाने खोळंबली होती?"

इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रश्न मला कधी भेटला नव्हता!

बरे, मारलेच पाहिजे असाही नियम नव्हता. मॅसिडोनियाच्या पर्सियसला इ.स.पू. 167 मध्ये मिरवले, पण जिवंत ठेवले. ब्रिटनच्या कॅराटॅकसला क्लॉडियसने माफी दिली. आणि सीझर? कॉलेजात असताना सीझरच्या क्षमाशीलतेवर मी तावातावाने निबंध लिहिला होता. त्याला बक्षीसही मिळाले. ब्रूटसला माफ करणारा हा उदार पुरुष! इ.स.पू. 46 मध्ये त्याने क्लिओपात्राची बहीण आर्सिनोई हिला साखळदंडांत फिरवले, लोक हळहळले, तिला सोडले. गॉलांचा व्हर्सिंजेटोरिक्स इ.स.पू. 52 मध्ये अलेसियाला शरण आला होता. त्याला सहा वर्षे राखून ठेवले, त्याच वर्षी मिरवले आणि मारले. सहा वर्षे खाऊ घातले ते एका दिवसाच्या मिरवणुकीसाठी. माझ्या निबंधात त्याचे नावसुद्धा नव्हते.

बाहेर ऊन रणरणत होते. तुरुंगाशेजारून टेकडीवर पायऱ्या जातात. आम्ही वर पोचायला, सौ.चे गुडघे सांभाळीत, पाच मिनिटे घेतली. निरोप्याला त्याहून कमीच लागत असतील.