कोवळी आहेत, हात लावू नकोस

पुण्यातली पहिली नोकरी सात महिन्यांत सोडून मी नाशिकला परत आलो, तेव्हा मार्च संपत आला होता. घरात कुणी काही बोलत नव्हतं, आणि तेच जास्त जड व्हायचं. म्हणून भर दुपारी मी गच्चीवर जाऊन उभा राहायचो.

अंगणातल्या आंब्याचा शेंडा आमच्या गच्चीच्या कठड्याला लागतो. एका दुपारी पाहिलं, तर शेंड्याची सगळी पानं तांबूस, लुळी, माना टाकून लोंबत होती. झाड वाळतंय असं वाटून मी खाली पळालो आणि बुंध्याशी दोन बादल्या पाणी ओतलं.

आई हसली. ‘‘अरे, पालवी आहे ती. कोवळी आहेत, हात लावू नकोस.’’

रात्री मोबाईलवर वाचत बसलो. नव्या पानात हरितद्रव्य असतं, पण उन्हाचं अन्न करणारी यंत्रणा अजून पुरती उभी राहिलेली नसते. ऊन मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळतं. न वापरलेल्या त्या ऊर्जेतून पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात. म्हणून पान आधी अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य बनवतं. ते प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषून घेतं आणि हरितद्रव्यावरचा भार हलका करतं. आपल्याला दिसतो तो उरलेला लाल रंग. आपल्याकडच्या काळ्या द्राक्षांच्या सालीत असतं, त्याच कुळातलं हे रंगद्रव्य. आणि लोंबणं? पान उभं लटकलं की डोक्यावरचं ऊन त्याच्यावर तिरपं पडतं, कमी लागतं. हा लाल रंग किड्यांनाही दूर ठेवत असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं.

मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. पिंपळाची गुलाबी-तांबूस पानं, घाटात लालभडक झालेलं अख्खं कोशिंबाचं झाड. इतकी वर्षं मी त्याला नुसती शोभा समजत होतो.

‘‘एवढ्यात दमलास? अजून किती उन्हाळे बघायचेत!’’ असं एका काकांनी फोनवर ऐकवलं होतं. पालवीचं वाचल्यावर ते जरा कमी टोचलं. पण खरी गोष्ट पुढे होती. जून, हिरव्या पानालाही दुपारचं सगळं ऊन पेलत नाही. जास्तीची ऊर्जा तेही उष्णता करून सोडून देतं. फक्त ते रंगातून दिसत नाही.

बाबांनी सातपूरच्या एका कारखान्यात 29 वर्षं शिफ्ट केल्या. घरी आले की अर्धा तास ते अंगणात खुर्ची टाकून एकटेच बसत. लहानपणी मला वाटायचं, ते आमच्यावर रागावलेत.

एप्रिलच्या मध्यावर शेंड्याची पानं ताठ, हिरवी झाली. त्या संध्याकाळी बाबा अंगणात बसले होते. मी आणखी एक खुर्ची आणून त्यांच्या शेजारी ठेवली. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनीच विचारलं, ‘‘तिकडे फारच त्रास होत होता का रे?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’