अंगठ्यावरचे चर

दोन्ही अंगठ्यांच्या नखांवर मधोमध एक खोलगट पट्टा आणि त्यात एकाखाली एक आडवे चर, पन्हाळी पत्र्यासारखे. नखाच्या बुडाची पांढरी चंद्रकोर नेहमीपेक्षा मोठी, तिच्यावरची पातळ कातडी जवळजवळ नाहीशी. बाकीची आठ नखं मात्र स्वच्छ. असे हात समोर आले की मी त्या माणसाच्या तर्जनीकडे लक्ष ठेवते. बोलता बोलता ती अंगठ्याच्या मुळाशी जाते, तिथली कातडी मागे ढकलते, खरवडते. त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो.

यातले बरेच जण बुरशीची औषधं घेऊन थकलेले असतात. बुरशी बहुधा नखाच्या मोकळ्या कडेकडून शिरते. नख पिवळं, जाड, भुसभुशीत करते. दोन्ही अंगठ्यांवर ओळीनं आडवे चर पाडणं हे तिचं काम नव्हे. शंका असेल तर नखाची कात्रण सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. ती न पाहता महिनोन्महिने बुरशीच्या गोळ्या देणं मला मान्य नाही.

नख तयार होतं ते कातडीखालच्या मुळाशी. तिथं रोज दाब पडला की बाहेर येणारं नख वाकडंतिकडं येतं. हाताचं नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण नवं यायला जवळपास सहा महिने लागतात. त्यामुळे अंगठ्यावर गेल्या सहा महिन्यांची नोंदच असते.

काहींचा चाळा याहून पुढे जातो. नेलकटरनं, ब्लेडनं, दातांनी नखाची कड सोलत ती रक्त येईपर्यंत मागे नेतात. वारंवार नखुर्डं होतं, पू धरतो. बोटाला चामखीळ असेल तर तिचे विषाणू शेजारच्या बोटांवर जातात. मुळाला कायमचा व्रण पडला तर नख पुन्हा सरळ येत नाही, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगते. नखावर काळी उभी रेघ दिसली आणि ती रुंदावत असेल, तर मात्र ‘चाळ्यानं झालं असेल’ म्हणून सोडून देऊ नये. घर्षणानंही अशी रेघ येते, पण तो क्वचित कर्करोगही असतो. तुकडा काढून तपासावा लागतो.

नखं खरवडण्या-सोलण्याच्या या चाळ्याला वैद्यकशास्त्रात ऑनिकोटिलोमेनिया म्हणतात. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात केस उपटणं, त्वचा खरवडणं हे ज्या गटात आहे, त्याच्याच जवळचा हा आजार. मनावरचा ताण हे एक कारण, पण कंटाळा हेही तितकंच मोठं. लांबलेली मीटिंग, रात्रीचा अभ्यास, एसटीतला प्रवास. बोटाला खडबडीत कड लागते, ती काढून टाकावीशी वाटते, काढली की क्षणभर बरं वाटतं. मग तिथंच नवी कड तयार होते.

घरचे ओरडतात. कडुनिंबाचा, कारल्याचा रस लावतात, हातावर चापट मारतात. शाळकरी मुलं त्यानं फक्त लपून करायला शिकतात. माझं ठाम मत आहे की नुसत्या मनाईनं हा चाळा जात नाही. हाताला दुसरं काम द्यावं लागतं. नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन यांनी 1973 साली मांडलेली सवय उलटवण्याची पद्धत याच पायावर उभी आहे. आधी नोंद: हात कधी, कुठे, काय करताना जातो. मग ओढ वाटताच मूठ मिनिटभर घट्ट मिटायची किंवा हातात काहीतरी धरायचं. 2023 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी बोटांची टोकं एकमेकांवर हळुवार घासणं असा सोपा पर्याय तपासला. सहा आठवड्यांत निम्म्याहून अधिक जणांना फरक जाणवला, आणि नखं खाणाऱ्यांना सर्वांत जास्त.

मी याला दोन साध्या गोष्टी जोडते. रात्री नखांच्या कडांना व्हॅसलीन, म्हणजे सोलायला खडबडीत काही उरत नाही. आणि चाळ्याच्या वेळेपुरती अंगठ्याला चिकटपट्टी. दर महिन्याला अंगठ्याचा फोटो काढायला सांगते, कारण पहिल्या दोन महिन्यांत आरशासारखं नख कुणालाच दिसत नाही आणि तिथंच लोक सोडून देतात. फोटोत मुळाकडचा सरळ भाग दिसला की धीर येतो. गोळ्यांबाबत मी हात आखडता ठेवते. एन-ॲसिटिलसिस्टीनचा त्वचा खरवडणाऱ्यांना उपयोग झाल्याचं 2016 च्या एका चाचणीत दिसलं, पण नखांसाठी पुरावा तोकडा आहे.

सोबत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर मनाच्या डॉक्टरांची गरज लागते आणि इथं गाडी अडते. “मॅडम, नख दाखवायला आलो, तुम्ही वेडा ठरवताय का?” चिठ्ठी घेऊन गेलेले अनेक जण तिकडे पोहोचतच नाहीत. म्हणून हल्ली मी चिठ्ठी देऊन थांबत नाही. माझ्यासमोरच टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन लावायला सांगते. समुपदेशक मराठीत बोलतात, फोन घरूनही करता येतो, आणि पहिलं बोलणं होऊन गेलं की पुढच्या भेटीला लोक स्वतःहून तयार होतात. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागातच, शेजारच्या खोलीत समुपदेशक बसायला हवा, ही मागणी मी जिथं संधी मिळेल तिथं करत असते.